‘रिवर्क फुकटात होते’ म्हणणाऱ्यांच्या हिशोबाविषयी

दर्जा राखणे हा मोठ्या कंपन्यांचा शौक आहे, अशा आशयाचा एक लांबलचक संदेश सध्या कारखानदारांमध्ये हातोहात फिरत आहे. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: दोन टक्के रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, म्हणजे दोनच टक्के तोटा, रिवर्क (बिघडलेला माल पुन्हा दुरुस्त करणे) फुकटात होते, कारण कामगार आणि मशीन तशीही आपलीच असतात, शेवटी कडक तपासणी ठेवली की बाकी कशाची गरज उरत नाही, आणि एखादा खराब नग गेलाच तर तो बदलून द्यावा, ते स्वस्त पडते. एरवी मी याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु लहानसे मशीन शॉप चालवणाऱ्या माझ्या भाच्याने तो संदेश वाचून गेजचे कॅलिब्रेशन (मोजमापाची साधने अचूक आहेत ना, याची पडताळणी) पुढे ढकलले आणि ‘मामा, हिशोब तर बरोबर दिसतो’ असे मलाच ऐकवले, तेव्हा तो हिशोब तपासणे भाग पडले.

पहिला मुद्दा कागद-पेन्सिल घेतली की दोन मिनिटांत निकालात निघतो. एका नगाची विक्री 100 आणि खर्च 92 धरला, तर हजार नगांमागे नफा 8,000 होतो. त्यांतले वीस नग बाद झाले तर खर्च तोच राहतो, विक्री 98,000 वर येते आणि नफा 6,000 उरतो. म्हणजे दोन टक्के रिजेक्शनने नफ्याचा चौथा हिस्सा खाल्ला. भंगाराचे जे काही सुटेल ते खुशाल वजा करावे, आकडा फारसा हलत नाही. शिवाय हे दोन टक्के एकाच ऑपरेशनचे असले तर; पाच ऑपरेशन्समध्ये प्रत्येकी दोन टक्के माल बिघडत असेल, तर शंभरातले जेमतेम नव्वद नग पहिल्या फेरीत सरळ पार पडतात.

दुसरा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे. रिवर्क फुकटात होते असे वाटते, कारण ते हिशोबात कुठे दिसतच नाही. गेल्या महिन्यात रिवर्कवर किती तास गेले, असे मी भाच्याला विचारले, तेव्हा त्याच्या वहीत ते उत्पादनाच्याच तासांत मिसळलेले निघाले. दर्जा नियंत्रणाचे अमेरिकी तज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांनी याला ‘लपलेला कारखाना’ असे नाव दिले होते: चांगल्या कारखान्याच्या पोटात, त्याच्याच मशीनवर आणि त्याच्याच पगारावर चालणारा, केवळ आधीच्या चुका निस्तरणारा दुसरा कारखाना. ज्या मशीनवर आधीच कामाची रांग आहे, त्याच मशीनवर बिघडलेला लॉट पुन्हा चढवला की सेटिंग बदलावे लागते, चांगला माल खोळंबतो, ओव्हरटाइम लागतो आणि तपासणी दुसऱ्यांदा करावी लागते. यांपैकी नेमके काय फुकट आहे, हे संदेशकर्त्याने एकदा सांगावे.

पैशांपेक्षाही मोठी गोष्ट वेगळीच आहे. नेहमीच्या उत्पादनाला ठरलेला क्रम, फिक्स्चर (नग जागेवर पक्का धरणारे साधन) आणि नोंद असते. रिवर्क बहुतेकदा ‘जरा खोल, नीट कर, परत लाव’ एवढ्या तोंडी सूचनेवर चालते. 5 जानेवारी 2024 रोजी अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग 737-9 विमानाचा, दाराच्या जागी बसवलेला प्लग उड्डाणानंतर काही मिनिटांत हवेतच निखळला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा पुढच्याच महिन्यात आलेला प्राथमिक अहवाल प्रत्येक कारखानदाराने वाचावा असा आहे. जवळच्या चौकटीतले पाच खराब रिव्हेट बदलण्यासाठी कारखान्यात तो प्लग उघडण्यात आला होता. रिव्हेट बदलले गेले, प्लग पुन्हा बसवला गेला, पण त्याला जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट परत लावले गेले नाहीत. प्लग उघडल्याची रीतसर नोंदही सापडली नाही. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही, परंतु त्या प्रकारची 171 विमाने जमिनीवर ठेवली गेली आणि बोइंगच्या उत्पादनवाढीला नियामकांनी लगाम घातला. मूळ दोष पाच रिव्हेटचा होता. संकट ओढवले ते त्याच्या रिवर्कमधून.

तपासणीच्या मुद्द्यावर फार लिहिण्यासारखे नाही. शेवटच्या टेबलावर पकडलेल्या खराब नगात कच्चा माल, मजुरी आणि वीज आधीच खर्च झालेली असते. दोषी नग जितके विरळ, तितके ते तपासनिसाच्या नजरेतून अधिक निसटतात. आणि ज्या गेजचे कॅलिब्रेशनच टाळले आहे, त्याने कितीही कडक तपासणी केली तरी ती कशाची, हा प्रश्न भाच्यासाठी राखून ठेवला आहे.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. दर्जाच्या नावाखाली पैसा वाया घालवणारे लोक आहेत. ड्रॉइंगमध्ये मागितलेले नसताना टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आवळायचा, कोणी पाहणार नाही अशा पृष्ठभागाला आरशासारखे फिनिश द्यायचे, ऑडिटच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराचे रकाने भरायचे, हे सर्व मी पाहिलेले आहे. हा खर्च जरूर कापावा. पण त्यावरून गेज, प्रशिक्षण आणि पहिल्या नगाची मंजुरी (पहिला नग तपासूनच पुढचे उत्पादन सुरू करणे) यांवरही कात्री चालवावी, असा निष्कर्ष निघत नाही.

उरला ‘बदलून द्या’ हा सल्ला. बदलून द्यायचे तर कोणता नग खराब आहे, हे आधी कळावे लागते. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांमधला इग्निशन स्विच चालत्या गाडीत घसरून इंजिन बंद पडत असे आणि एअरबॅगही उघडत नसे. 2006 मध्ये त्या स्विचमध्ये सुधारणा मंजूर झाली, पण पार्ट नंबर तोच ठेवला गेला, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे ओळखण्याची सोयच राहिली नाही. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यांत मुळात सुधारित स्विच बसवलेल्या नंतरच्या गाड्याही होत्या, कारण मधल्या काळात दुरुस्तीच्या वेळी त्यांना जुना स्विच लागला असण्याची शक्यता होती. भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले, आणि 2015 मध्ये फौजदारी प्रकरण मिटवण्यासाठी कंपनीने 90 कोटी डॉलर मोजले.