जजला निवृत्ती नसते, असं सांगणाऱ्या मेसेजबद्दल

हरभऱ्याची सोंगणी चालू आहे, पण आमच्या पारावर बोलणं निघतं ते जजांच्या पेन्शनचं. कारण एक मेसेज. तालुक्याच्या कोर्टात मी आयुष्यभर कारकुनी केली, त्यामुळे ज्याच्या मोबाइलवर तो येतो तो मलाच विचारतो, "भाऊ, तुमी तं कोर्टातच होते. खरं हाय का हे?"

मेसेज असा : जजला निवृत्तीच नसते. वय ६५ आणि नोकरी १५ वर्षं झाली की मरेपर्यंत घरबसल्या पूर्ण पगार. त्यावर आयकर नाही. म्हातारपण वाढेल तशी रक्कम दुप्पट. आणि हे सगळं मे २०२५ मध्ये जजांनी स्वतःच स्वतःला देऊन घेतलं, तेही आपल्या दारापूरच्या माणसाच्या सहीनं. शेवटी कापसाच्या भावावरून एक टोमणा.

निवृत्तीपासून सुरू करतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयातले न्यायाधीश ६० व्या वर्षी घरी जातात. उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. उच्च न्यायालयाचं वय आधी ६० होतं, १९६३ च्या घटनादुरुस्तीनं ६२ झालं. ते ६५ करायचं विधेयक २०१० मध्ये आलं होतं, ते तसंच बारगळलं. गंमत अशी, की आमच्या इमारतीत जजसाहेब साठीला निवृत्त आणि दारावरचा शिपाईही साठीला. मधला कारकून तेवढा अठ्ठावन्नला. निवृत्तीच्या वयाची तक्रार करायचीच तर ती मी करायला पाहिजे.

दारापूरचं नाव घेतलंच आहे म्हणून सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचे भूषण गवई १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश झाले आणि ६५ पूर्ण होता होता, २३ नोव्हेंबरला पायउतार झाले. जेमतेम सहा महिने. निवृत्ती नसती तर कशाला उतरले असते?

मग ‘६५ आणि १५’ हा आकडा आला कुठून? तो हवेतला नाही. तो अमेरिकेतला आहे. तिथल्या संघीय न्यायाधीशाची नेमणूक तहहयात असते. वय ६५ आणि सेवा १५ वर्षं, म्हणजे बेरीज ८० झाली, की तो पूर्ण पगारावर निवृत्त होऊ शकतो, नाहीतर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून कमी काम घेऊन बसू शकतो. वय वाढलं तर सेवेची अट उतरत जाते, सत्तराव्या वर्षी १० वर्षं पुरतात. कोणीतरी तिकडचा नियम उचलून त्यावर आपल्याकडचं लेबल चिकटवलं.

आपल्याकडचा हिशेब पाटीवर मांडता येईल इतका सोपा आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा मूळ पगार महिन्याला २ लाख २५ हजार, म्हणजे वर्षाला २७ लाख. पूर्ण पेन्शन वर्षाला साडेतेरा लाख. निम्मी. सरन्यायाधीशाचा पगार २ लाख ८० हजार, पेन्शन वर्षाला १६ लाख ८० हजार. तीही निम्मीच. वर महागाईची वाढ मिळते, ती इतर पेन्शनरांनाही मिळते. रक्कम मोठी आहे, नाही कोण म्हणतो? पण ती पूर्ण पगार नाही.

‘दुप्पट’ची गोष्ट आणखी मजेची. ८० व्या वर्षी पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि वयाची शंभरी गाठली तर १०० टक्के. म्हणजे दुप्पट व्हायला आधी शंभरी गाठावी लागते, आणि तेव्हा कुठं ती मूळ पगाराच्या बरोबरीला येते. हाच तक्ता केंद्र सरकारच्या सगळ्या पेन्शनरांना लागू आहे, रेल्वेवाल्यांनासुद्धा.

आयकर पगारावरही लागतो आणि पेन्शनवरही. बंगला, आतिथ्य भत्ता अशा काही गोष्टी उत्पन्नात धरत नाहीत, तेवढीच सूट.

आता मे महिना. सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२५ चा तो निकाल मेसेज लिहिणाऱ्यानं वाचलेला दिसत नाही. साडेतेरा लाख हा आकडा त्या निकालानं जन्माला घातला नाही, तो संसदेच्या कायद्यात आधीच होता. पगार-पेन्शनचे हे आकडे २०१८ मध्ये संसदेनं ठरवले आणि १ जानेवारी २०१६ पासून लागू केले. वाद वेगळाच होता. उच्च न्यायालयात एकाच खुर्चीवर बसलेले दोघं, एक वकिलीतून थेट आलेला, दुसरा जिल्हा न्यायालयात आयुष्य काढून वर चढलेला, आणि पेन्शन कमी दुसऱ्याची. अतिरिक्त, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नेमलेला, न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेल्याचीही तीच गत. न्यायालयानं सांगितलं, असा भेद चालणार नाही. कोर्टामागच्या क्वार्टरमध्ये राहून, बदल्या सोसत वर गेलेले न्यायाधीश मी पाहिलेत. त्यांच्या पदरी न्याय पडला तर मला वाईट वाटत नाही.

पारावर एकानं विचारलं, ‘मंग सरकारनं यायचा पगार कापून टाकावा ना.’ कापता येत नाही. नेमणूक झाल्यावर न्यायाधीशाचा पगार त्याच्या तोट्याचा होईल असा बदलायचा नाही, हे घटनेत आहे. अपवाद फक्त आर्थिक आणीबाणीचा. हे जजांचे लाड म्हणून नाही. गोसेखुर्दाच्या, बेंबळ्याच्या धरणात ज्यांची वावरं गेली त्यांना विचारा. वाढीव मोबदल्याचा दावा शेतकऱ्यानं लावायचा, समोर पक्षकार सरकार, आणि अपील नागपूर खंडपीठात. निकाल आवडला नाही म्हणून त्याच सरकारला तिथल्या जजची भाकर कापता आली असती, तर वावरवाल्याला एक रुपया तरी वाढून मिळाला असता का? उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार राज्याच्या तिजोरीतून जातो, पेन्शन केंद्राच्या, आणि दोन्ही रकमा सभागृहात मतदानाला टाकल्या जात नाहीत. त्यामागचं कारण हेच.

मेसेजमध्ये जे नाही, तिथं मात्र मी लोकांच्या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला कुठल्याच कोर्टात वकिली करता येत नाही, पण राज्यपाल होता येतं, खासदार होता येतं. सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राष्ट्रपतिनियुक्त म्हणून राज्यसभेत गेले. माजी सरन्यायाधीश पी. सदाशिवम २०१४ मध्ये केरळचे राज्यपाल झाले. यावर रागवा, मी पण रागावतो. गवईंनी निवृत्तीनंतर कुठलंही पद घेणार नाही, असं आधीच सांगून टाकलं होतं. ते कोणी फॉरवर्ड केलं नाही.

हा मेसेज मला सगळ्यात आधी पाठवला तो बडनेऱ्याला रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी. येत्या चैत्रात त्यांना ८० पूर्ण होतात. मी त्यांना २० टक्क्यांचा नियम सांगितला, तर म्हणाले, "थांब, कागद आणतो. अर्ज कुठं करा लागते ते सांग."