बाईच्या नमुन्यात वाय गुणसूत्र कुठून आलं?

दोन वर्षांपूर्वी आरएनए सिक्वेन्सिंगचा डेटा बघताना मी थबकले. या तंत्राने जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणतं जनुक किती चालू आहे, ते मोजतात. नमुने स्त्रियांचे, आणि वाय गुणसूत्रावरच्या काही जनुकांपुढे चक्क आकडे. आधी वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली. तशी ती झाली नव्हती. आम्ही स्त्री-पुरुष सगळ्यांचे नमुने एकाच संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रमाण डीएनए-क्रमावर, बसवत होतो, आणि त्या जीनोममध्ये वाय होता.

एक्स आणि वाय एकाच जुन्या जोडीतून घडलेले. टोकांचे दोन पट्टे आजही सारखे आहेत, मोठा पट्टा सुमारे 27 लाख अक्षरांचा. शिवाय झेडएफएक्स-झेडएफवाय, केडीएम5सी-केडीएम5डी अशा भावंडांसारख्या जनुकजोड्या. आपले रीड, म्हणजे यंत्राने वाचलेले तुकडे, जेमतेम शंभर-दीडशे अक्षरांचे. वाड्यात दोन स. ग. कुलकर्णी असले की पोस्टमन पत्र भलत्याच दारात टाकतो, नाहीतर परत नेतो. रीडची जागा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचं, म्हणजे अलाइनरचंही तसंच होतं. एक्सचा रीड वायवर जाऊन बसतो, किंवा जागा नक्की नाही म्हणून मोजणीतूनच गळतो. एक्सवरच्या जनुकाची अभिव्यक्ती आहे त्यापेक्षा कमी दिसते आणि स्त्री-पुरुषांतला खरा फरक हातचा निसटतो.

उपाय फुकटातला आहे. एक्सएक्स नमुन्यांसाठी संदर्भातला अख्खा वाय झाकायचा, म्हणजे तिथे अक्षरांऐवजी नुसते एन (‘अक्षर माहीत नाही’ची खूण) भरायचे. एक्सवाय नमुन्यांसाठी वायवरचे ते सारखे पट्टेच झाकायचे. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मेलिसा विल्सन यांच्या गटाने 2020 मध्ये हिसॅट आणि स्टार हे दोन्ही अलाइनर वापरून हे दाखवून दिलं: नमुने तेच, संदर्भ बदलला, आणि स्त्री-पुरुषांत फरक दाखवणारी जास्त जनुकं सापडली.

मात्र फॉर्मवर लिहिलेल्या लिंगावर विसंबू नका. टर्नर सिंड्रोम असलेल्या स्त्रियांत बहुधा एकच एक्स असतो, क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेल्या पुरुषांत एक्सएक्सवाय, आणि वय वाढलेल्या पुरुषांच्या रक्तातल्या काही पेशींतून वाय हरवलेलाही असतो. एक्सआयएसटी (एकाहून जास्त एक्स असले की चालू होणारं जनुक) आणि वायची जनुकं आधी तपासा.

मला राग येतो तो "एक्स-वाय किचकट आहेत, वगळून टाका" या सल्ल्याचा. ल्युपस या स्वप्रतिकार आजाराच्या दर 10 रुग्णांपैकी साधारण 9 स्त्रिया असतात. एक्सवर 800हून जास्त जनुकं आहेत. तीच बाजूला ठेवून या बायकांच्या आजाराचं कारण आपण कुठे शोधणार?

शोधनिबंध तपासणाऱ्यांना माझी विनंती आहे, कुठला संदर्भ वापरला आणि वाय झाकला का, हे पद्धतीच्या भागात लिहायला लावाच.

आमचा जुना डेटा मी पुन्हा अलाइन करतेय. स्त्रियांचे नमुने झाले, पुरुषांचे आज रात्री लावलेत.