निळूभाऊंच्या नावावर काय काय खपवताय

आज ऑफिसात एका नव्या मुलीचं वेलकम होतं. केक, समोसे, नेहमीचंच. तर आमच्यातल्या एका सीनिअर माणसानं चहाचा कप खाली ठेवला, मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि घोगऱ्या आवाजात तिला म्हणाला, "बाई, वाड्यावर या." सगळे खो खो हसले. ती पण हसली, पहिल्याच आठवड्यात न हसून सांगते कुणाला. मी म्हटलं हे काय चाललंय, तर मलाच उत्तर, अगं निळू फुले आहे तो, लाइटली घे की. मी विचारलं, बरं, हे वाक्य कुठल्या पिक्चरमधलं? एकालाही सांगता आलं नाही. निळूभाऊंचा 'सामना' कुणी बघितलाय? एकानंही नाही. पण नक्कल मात्र सगळ्यांना येते.

घरी आले, भाजी फोडणीला टाकली, तरी डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, वाचायचं तर वाचा.

माझी आजी कराडकडची. गावाला आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला तेव्हा दूरदर्शनवर मराठी पिक्चर लागला की निम्मी आळी आमच्या सोप्यात बसलेली असायची. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, मुडद्या म्हणायच्या, तळपट होवो म्हणायच्या. आजी काहीच म्हणायची नाही. ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि टीव्हीकडं पाठ करून बसायची. टीव्हीकडं! आम्हा पोरांना त्याची मजा वाटायची. आईनं खूप नंतर सांगितलं की बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायच्या कामावर होती, आणि मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, नाव लागायचं तर गावातल्या एका बड्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं. तो ओरडायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही. नुसता वरपासून खालपर्यंत बघायचा, सावकाश, आणि म्हणायचा, "बस की, घाई काय हाय." बस्स, एवढंच. आजी आईला म्हणाली होती, "ह्यो बी तसाच बघतुया."

आता मला सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?

ज्या माणसानं ती नजर पडद्यावर आणली तो कोण होता हे तरी माहिती आहे का कुणाला. पुण्यातल्या साध्या घरातला मुलगा, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी. पगार ऐंशी रुपये आणि त्यातले दहा राष्ट्र सेवा दलाला, म्हणजे समाजवादी विचारांच्या संघटनेला. सेवा दलाच्या कलापथकातून उभा राहिलेला नट हा. 1957 च्या निवडणुकीच्या वेळी प्रचारासाठी स्वतः 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य लिहिलं, मग पुलंच्या 'पुढारी पाहिजे'मधला रोंगे, मग 'कथा अकलेच्या कांद्याची' आणि त्या वगाचे गावोगाव प्रयोग. तिथून दिग्दर्शक अनंत मान्यांनी उचलून 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी' या सिनेमात झेलेअण्णा केला. म्हणजे वाडे, पाटील, सरपंच, चेअरमन, त्यांच्या ओसरीवर बसणारी माणसं, हे सगळं त्यांनी फिरून फिरून बघितलेलं होतं. स्टुडिओत बसून सुचत नाही ती नजर.

हो, मान्य आहे, नंतर त्यांनी कितीतरी फालतू पिक्चर केले, तोच पाटील, तोच फेटा, तीच हिरॉइनची किंकाळी, आणि त्यातल्या बऱ्याच निर्मात्यांना गावातल्या बाईचं दुःख नाही, तिचा फाटलेला पदरच विकायचा होता. हे मी नाकारत नाही. पण त्याच माणसानं 'सामना'त काय केलंय ते बघा ना एकदा. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, 1975 ला बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा मालकच म्हणायचा. तो एका दारुड्या, बेवारशी मास्तरला घरी आणतो, खाऊ घालतो, पाजतो, त्याची सरबराई करतो. किती गोड बोलतो! आवाज चढत नाही. मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं, आणि प्रत्येक वेळी हिंदुरावाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, क्षणभरच, की परत तोच पाहुणचार. समोर मास्तर म्हणून डॉक्टर श्रीराम लागूंसारखा नट आहे, आणि तरी तुमची नजर निळूभाऊंवरून हटत नाही. माझी आजी ज्या दारात उभी राहिली त्या दारातला माणूस असाच असणार, सगळ्या गावाचं भलं करणारा, सगळ्यांची विचारपूस करणारा. म्हणून तर भीती.

आणि 'सखाराम बाइंडर'! 1972 साली, तमाशा-लोकनाट्यातला म्हणून नाकं मुरडली जाणारा नट, त्यानं तेंडुलकरांचा सखाराम उभा केला, समोर लालन सारंगांची चंपा. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा बुकबाइंडर, आल्या आल्या घरातले नियम सुनावणारा, रात्री मृदंग घेऊन बसणारा. नाटकावर बंदी आली, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले, केवढा गदारोळ झाला. सखाराम हिंस्र आहे, पण ढोंगी नाही, आणि हिंदुराव सभ्य आहे पण आतून सडलाय. एकाच नटानं दोन-तीन वर्षांच्या अंतरानं हे दोन वेगळे पुरुष दाखवले आपल्याला. आणि आपण त्यातून काय उचललं, तर एक घोगरा आवाज आणि तिरकी मान. राग येतो हो. खरंच राग येतो.

टीव्हीवरच्या कॉमेडी शोंनी तर वाट लावली. कुणीतरी नट स्टेजवर येतो, तो आवाज काढतो, समोरच्या बाईला बघून ओठांवरून जीभ फिरवतो, परीक्षक टाळ्या पिटतात. मग तेच कॉलेजच्या गॅदरिंगला, तेच हळदीला, तेच आता ऑफिसात. नाव एका नटाचं घ्यायचं आणि बाईला जे सरळ बोलायची हिंमत नाही ते बोलून घ्यायचं. वर म्हणायचं, आम्ही तर निळूभाऊंना मानवंदना देतोय. अरे कसली मानवंदना! निळूभाऊंनी हा माणूस असा केला की बायकांनी त्याला शिव्या द्याव्यात. तुम्ही त्याला टाळ्या मिळवून देताय.

काही जण म्हणतील नकलांमुळे तरी नव्या पोरांना नाव माहिती आहे. ठीक आहे, नाव माहिती आहे. पुढे?

लिहिता लिहिता आजीची अजून एक गोष्ट आठवली. खूप वर्षांनी, तिचे डोळे जवळजवळ गेले होते तेव्हा, मी तिला 'सिंहासन' लावून दिला होता. 1979 चा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. त्यात निळूभाऊ दिगू टिपणीस, पत्रकार. मंत्री, बंगले, डावपेच, युनियनवाले, स्मगलर सगळं बघत फिरणारा आणि कशालाच हात न घालू शकणारा माणूस, शेवटी त्याचं डोकंच फिरतं आणि तो रस्त्यावर हसत सुटतो. अरुण सरनाईक, श्रीराम लागू, सतीश दुभाषी, एवढी तगडी माणसं त्या पिक्चरमध्ये, पण सगळा पिक्चर दिगूच्या दमलेल्या डोळ्यांतून दिसतो. मी आजीला म्हटलं, ओळखलंस का, हा तोच, तू पदर घ्यायचीस तो. ती स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. बघितलं. म्हणाली, "न्हाय ग. ह्यो त्यो न्हवं. ह्यो गरीब हाय." आणि शेवटपर्यंत तिनं माझं ऐकलं नाही. मला तेव्हाच हात जोडावेसे वाटले, दोघांनाही.

आता थोडी शांत झालेय, तर हेही लिहून टाकते. पडद्यावर इतका वाईट दिसणारा हा माणूस लागू आणि इतर कलाकारांबरोबर 'लग्नाची बेडी' नाटकाचे प्रयोग करत फिरला, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी, चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दर महिन्याला थोडं तरी मानधन मिळावं म्हणून. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिला. हिंदीत 'कुली' केला, 'सारांश'मधला तो पुढारी गजानन चित्रे केला, तिथं जम बसवता आला असता, पण राहिला पुण्यातच. 13 जुलै 2009 ला कॅन्सरनं गेले.

त्या मुलीला मी संध्याकाळी मेसेज केला, की तुला आवडलं नसेल तर उद्या आपण दोघी जाऊन बोलू त्याच्याशी. तिचं उत्तर आलं, "थँक्यू ताई, नाही आवडलं." तर उद्या जाणार आहोत. तो सीनिअर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, वाचेलही हे. वाचावं.

आणि एक विनंती. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' नाटकामध्ये निळूभाऊ म्हातारे गांधीवादी अप्पाजी करायचे, तो प्रयोग मला बघायला मिळाला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांनी, मामा-मावशीनं बघितला असेल तर त्यांना विचारून इथं लिहा प्लीज. कसे चालायचे, कसे बोलायचे, थिएटरात लोक काय करायचे, जे आठवत असेल ते. व्हॉइस नोट पाठवली तरी चालेल, मी टाइप करून घेईन.