हायड्रो बिलातली एक ओळ आणि 2011 मधली माझी सही

परवा हायड्रोचं बिल आलं. (भारतातल्या मित्रांसाठी सांगतो, इथे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात विजेला हायड्रोच म्हणतात, नायगाऱ्याच्या पाण्यावर सगळं सुरू झालं म्हणून तोच शब्द चिकटला.) बायको म्हणाली, बातम्यांत दर वाढले दर वाढले म्हणून एवढं चाललं होतं, आपलं बिल तर जवळपास तेवढंच आलंय. मी खालची ओळ दाखवली. ऑन्टारिओ इलेक्ट्रिसिटी रिबेट. 1 नोव्हेंबर 2025 पासून ही सवलत 13.1 टक्क्यांवरून 23.5 टक्के केलीय. म्हणजे वीज महागलीच आहे, फक्त वाढलेला भाग बिलातून उचलून प्रांताच्या तिजोरीवर टाकलाय, आणि तिजोरीत पैसे आपलेच, नाहीतर आपल्या पोरांच्या नावावर काढलेलं कर्ज.

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच. आणि सुरुवात स्वतःपासून करतो कारण यात माझाही हात आहे.

2011 मध्ये आमच्या मिसिसॉगा शहराच्या पूर्व टोकाला, टोरंटोतल्या एटोबिकोच्या हद्दीजवळ, एक गॅसवर चालणारा वीज प्रकल्प उभा राहत होता. करार 2005 चा, काम प्रत्यक्ष सुरू झालेलं. जवळ घरं, जवळ हॉस्पिटल. मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिला दम्याचा त्रास, आणि एका शनिवारी शेजारचे लोक सह्या गोळा करत दारात आले तेव्हा मी एका मिनिटात सही केली. वाचलं नाही, विचारलं नाही की करार मोडला तर पैसे कोण भरणार. 24 सप्टेंबरला सत्तेतल्या लिबरल पक्षाने प्रचारात जाहीर करून टाकलं, प्रकल्प रद्द. मतदान 6 ऑक्टोबरला, म्हणजे जेमतेम बारा दिवस आधी. त्याच्या वर्षभर आधी शेजारच्या ओकव्हिलचा 900 मेगावॉटचा प्रकल्पही असाच रद्द केलेला. निकाल लागला, मिसिसॉगाच्या सगळ्या जागा आणि ओकव्हिलची जागा लिबरलांकडेच राहिली, 107 पैकी 53 जागा घेऊन डाल्टन मॅकगिंटी परत प्रीमियर (म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री) झाले. आणि साइटवरचं काम? ते मतदानानंतरही नोव्हेंबरपर्यंत चालू होतं! घोषणा करताना कंत्राटदाराशी काही ठरलंच नव्हतं.

मग आकडे यायला लागले. सरकार म्हणालं मिसिसॉगाचे 19 कोटी डॉलर, ओकव्हिलचे 4 कोटी. 2013 मध्ये ऑडिटर जनरलचे दोन अहवाल आले, मिसिसॉगाचे निघाले 27.5 कोटी आणि ओकव्हिलचे 67.5 कोटी, तेही वाढू शकतील असं सांगून. बेरीज करा, 95 कोटी डॉलर. यात मला सगळ्यात जास्त जे लागलं ते अमेरिकेतल्या कर्जदात्या कंपनीचं प्रकरण. तिने मिसिसॉगाच्या प्रकल्पाला दिलेले जेमतेम 6 कोटी डॉलर आणि तिच्याशी तडजोड करताना गेले जवळजवळ 15 कोटी. वीज एक युनिट नाही.

ओकव्हिलची गोष्ट तर आणखी वाईट आहे. तिथल्या टाउनने (नगरपालिकेने) बायलॉ, म्हणजे स्थानिक नियम, करून तो प्रकल्प अडवून धरला होता, कंपनीला बांधताच येत नव्हता. ऑडिटरने सरळ लिहिलंय की थोडं थांबले असते तर कदाचित काही न देताही करारातून बाहेर पडता आलं असतं. पण प्रीमियरच्या ऑफिसने वाटाघाटी सुरू व्हायच्या आधीच कंपनीला शब्द दिला की तुमचं नुकसान होऊ देणार नाही. मग घासाघीस करायला उरलं काय? तो प्रकल्प नेला नापानीला, दोनशे किलोमीटरच्या वर पूर्वेला. वीज लागतेय इथे, प्रकल्प तिथे, गॅस तिथवर नेण्याचा खर्च वेगळा, वीज परत इकडे आणण्याचा खर्च वेगळा.

आणि ईमेल. चौकशी सुरू झाल्यावर कळलं की प्रीमियरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या हार्ड ड्राइव्हच पुसून टाकल्यात. मॅकगिंटींचे चीफ ऑफ स्टाफ डेव्हिड लिव्हिंगस्टन यांना 2018 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. पैसे घालवले ते एक, पण पैसे कसे गेले हे लोकांना कळू नये म्हणून केलेली खटपट, त्याची चीड मला आजही येते.

हे पण सांगायला पाहिजे, त्यावेळी दोन्ही विरोधी पक्षही मिसिसॉगाचा प्रकल्प आम्ही रद्द करू म्हणत होते. कुणी एकाने उठून विचारलं नाही की किंमत किती. कारण जागा आमच्या भागातल्या, चुरशीच्या, आणि आम्ही सह्या केलेल्या. याला मी मर्जीचं राजकारण म्हणतो. उत्तर ऑन्टारिओत इलेक्ट्रिक हीटिंगवर हिवाळा काढणाऱ्या म्हाताऱ्या बाईने माझ्या शहरातल्या जागेचे पैसे भरलेत. का भरावेत तिने?

सॅमसंगचा करार पण असाच. जानेवारी 2010, 7 अब्ज डॉलरची गुंतवणूक, 2500 मेगावॉट पवनऊर्जा आणि सोलर, टेंडर नाही. ग्रिडवर जागा मिळण्यात अग्रक्रम, वर ठराविक दराहून जास्त पैसे. 2011 च्या ऑडिटर अहवालात आहे की इतक्या मोठ्या कराराआधी कसला आर्थिक अभ्यासच केला नव्हता. त्याच काळात घराच्या छतावरच्या सोलरला 80.2 सेंट युनिट दर वीस वर्षांसाठी लिहून दिला, जेव्हा आम्ही भर दुपारच्या महाग वेळेत 10 सेंटच्या आसपास वीज घेत होतो. सोलर वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. कोळसा बंद केला हे त्या सरकारचं मोठं काम आहे, मी 2004 ला आलो तेव्हा लेकव्ह्यू कोळसा वीज केंद्राची चार धुराडी अजून उभी होती, 2005 च्या उन्हाळ्यात स्मॉगचे इतके दिवस की पोरांना बाहेर सोडायची भीती वाटायची, आणि 2014 मध्ये शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं ते मी मनापासून मानतो. पण चांगल्या कामासाठी काढलेले पैसे असे वाटायचे?

2015 च्या ऑडिटर अहवालात आकडा आला, 2006 ते 2014 मध्ये ग्राहकांनी ग्लोबल ॲडजस्टमेंटच्या (करारातला ठरलेला दर आणि बाजारभाव यातला फरक भरून काढणाऱ्या आकाराच्या) नावाखाली बाजारभावाच्या वर 37 अब्ज डॉलर भरले. लोक खवळले तेव्हा मॅकगिंटींनंतरच्या लिबरल प्रीमियर कॅथलीन विन यांनी 2017 मध्ये बिलं 25 टक्के खाली आणली, कर्ज काढून. 2018 ला त्यांचा पक्ष 124 पैकी 7 जागांवर आला.

मी तेव्हा डग फोर्ड यांच्या पक्षाला मत दिलं, तेच निवडून येऊन प्रीमियर झाले. बिल 12 टक्के कमी करतो म्हणाले होते, आणि गॅस प्लँटच्या रागात मला ते पटलं. आल्या आल्या त्यांनी काय केलं तर रिन्यूएबलचे 758 करार रद्द, भरपाईचा खर्च 23.1 कोटी डॉलर. परत करार मोडणं, परत भरपाई! राहिलेल्या महाग करारांचे पैसे जानेवारी 2021 पासून बिलातून काढून बहुतांश तिजोरीवर टाकले. 2022 मध्ये विधानसभेच्याच आर्थिक उत्तरदायित्व कार्यालयाने हिशोब मांडला की वीज सवलतींच्या नऊ योजनांवर वीस वर्षांत 118 अब्ज डॉलर जातील. आणि रिबेट टक्क्यात आहे, म्हणजे मोठा बंगला, गरम पाण्याचा पूल, त्याला सूट जास्त, आणि बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या आपल्या पोराला कमी. हाच पैसा हॉस्पिटलांत गेला असता. माझ्या आईला गेल्या फेब्रुवारीत इमर्जन्सीत अकरा तास खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

आपण मराठी लोकांनी तर हे आधी बघितलंय. 1995 ला एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणून युतीने रान उठवलं, सत्तेत आल्यावर करार रद्द केला, आणि काही महिन्यांत तोच दाभोळ प्रकल्प आधीपेक्षा मोठा करून परत मंजूर झाला. 2001 मध्ये वीज मंडळाने त्याची वीज घेणंच थांबवलं. गुहागरला माझी आत्या आहे, ती फोनवर विचारते तुमच्याकडे लाइट जातात का रे. नाही जात आत्या.

आमच्या एमपीपींना (प्रांताच्या विधानसभेतल्या आमदारांना) मी दोन प्रश्न लिहून पाठवलेत: रिबेटवर यावर्षी एकूण किती खर्च होणार आणि तो सरसकट देण्यापेक्षा उत्पन्न बघून का देत नाही. तीन आठवडे झाले, नुसतं पोचपावतीचं ऑटोमॅटिक उत्तर आलंय. शनिवारी त्यांच्या ऑफिसात जातोय, साडेदहाला. मिसिसॉगातलं कुणी येणार असेल तर इनबॉक्स करा, येताना आपलं बिल घेऊन या.