मेथी, नाहीतर शेपू

शाळेत भोपळा मिळाला की घरी फटके बसायचे. लिनक्स संगणकाच्या शेलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, मात्र काम संपल्यावर भोपळा मिळवणारी कमांडच पास. 0 म्हणजे काम फत्ते. 1 ते 255 यातलं काहीही आलं तर नापास. यशाची एकच तऱ्हा आणि सबबी 255! आमच्या सोसायटीतल्या थकबाकीदारांनाही एवढ्या सुचत नाहीत.

मी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा खजिनदार. (मीटिंगला उशिरा पोचलो, म्हणून.) जुन्या पावत्या उडवायला मी एक ओळ लिहून ठेवली होती: जुन्या पावत्यांच्या फोल्डरमध्ये जा; तिथलं सगळं पुसून टाक. त्या अर्धविरामाने घात केला. आधीच्या कामाचं काय झालं हे तो विचारतच नाही, पुढचं काम सरकवून मोकळा. मार्चमध्ये मी फोल्डरचं नाव बदललं आणि ओळीत बदलायला विसरलो. फोल्डरमध्ये नेणारी कमांड सीडी (cd) म्हणाली, असलं फोल्डर नाही. शेल म्हणाला, बरं. आणि मी उभा होतो चालू वर्षाच्या पावत्यांत; पुसणाऱ्या आरएम (rm) कमांडने त्याच साफ केल्या. आरएमला कचरापेटी नसते.

सेक्रेटरीकाका फोनवर एवढंच म्हणाले, "टँकरचं बिल तरी आहे ना?"

नव्हतं.

ऐरोलीला ऑफिसला जाताना वाशी लोकलच्या दारात एका सहकाऱ्याने उपाय सांगितला. मध्ये && टाक, पहिलं जमलं तरच दुसरं होईल. || टाकलंस, तर पहिलं फसलं तरच दुसरं. मी हावरटासारखे दोन्ही टाकले: फोल्डरमध्ये जा && पुसून टाक || 'फोल्डर सापडत नाही' असं सांग. पुढच्या महिन्यात उत्तर आलं, फोल्डर सापडत नाही. ते तर डोळ्यांसमोर होतं!

त्याच संध्याकाळी आईचा फोन. "गावदेवीला उतरून बघ रे, मेथी कोवळी असली तर घे, नाहीतर शेपू आण."

मेथी कोवळी होती, लुसलुशीत. पण भाजीवालीकडे पाचशेचे सुट्टे नव्हते आणि माझ्या मोबाइलवर नुसतं चक्र फिरत होतं. शेजारणीकडे सुट्टे होते, पण मेथी नव्हती. शेपूची जुडी घेऊन घरी आलो.

"मेथी जून होती?"

"नाही गं, कोवळी होती."

"मग शेपू कशाला?"

जुडी हातात तशीच राहिली. मेथी बघणं जमलं, घेणं फसलं, आणि 'नाहीतर' मात्र चालून गेलं! त्या || ला कुठलं काम फसलं याच्याशी देणंघेणं नसतं. शेवटी हाती 0 आला नाही की ते धावतं. मी फोल्डरमध्ये नीट पोचलो होतो. पुसणं फसलं होतं, कारण मार्चच्या धसक्याने त्या फोल्डरची लिहायची परवानगी मीच काढून ठेवली होती. 'परवानगी नाही'च्या ओळींची रांग वर सरकून गेली आणि मी, मीटिंगची मिनिट्स वाचतो तशी, फक्त शेवटची ओळ वाचली.

तसाच लॅपटॉप उघडून नीट इफ, देन, एल्स लिहायला बसलो. फोल्डर नसेल तर एक ओरड, पुसता आलं नाही तर वेगळी ओरड.

"आणि शेपू नको असेल तर?" मी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं.

"तर काही नाही," आई म्हणाली. "शेपूच."