गळ्यात मासा घालतं का कोणी?

परवा राम मारुती रोडजवळच्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता. साधी हातमागाची साडी नेसले होते आणि गळ्यात माझा तळहाताएवढा पितळी मासा. मावशी हात धुऊन आली, दोन मिनिटं माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अगं, गळ्यात मासा घालतं का कोणी? पोळ्याचे बैल परवडले!"

मी म्हटलं, "मावशी, तुझा साज दाखव बरं." तिचा साज कोल्हापुरी, तिच्या सासूबाईंचा. लाख भरलेली पानं आणि मधून जवमणी. जुन्या पद्धतीच्या साजात २१ पानं असायची, त्यातली १० दशावतारांची. म्हणजे पहिला मान मत्स्याचा, दुसरा कूर्माचा! मावशीच्या साजात पानं कमी आहेत, पण चष्मा वर सरकवून शोधल्यावर मासा सापडला. चाळीस वर्षं गळ्यात होता, तिने एकदाही पाहिला नव्हता. "हा सोन्याचा आहे," एवढंच म्हणाली.

तर मुद्दा धातूचा आहे, माशाचा नाही.

माझा मासा ढोकरा पद्धतीचा. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून बेलापूरच्या अर्बन हाटला गेले होते, तिथे बस्तरच्या एका कारागिराकडून घेतला. आधी मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचे शेवयांसारखे बारीक धागे एकेक करून गुंडाळायचे; खवले, डोळे, सगळं त्या धाग्यांचं. वरून पुन्हा मातीचा लेप. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओततात. थंड झालं की साचा फोडायचा. एक साचा, एकच मासा. बोट फिरवलं की मेणाच्या धाग्यांच्या रेघा अजून लागतात, आणि पोटापाशी एक धागा दुसऱ्यावर चढलाय, तिथे गाठ आली आहे. मला तीच गाठ सगळ्यात आवडते.

मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध नर्तिकाही मेण वितळवूनच ओतलेली. उंची जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, पण डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आणि उजव्यात मोजून चार. कमरेवर हात ठेवून उभी आहे. तिला कोणी "जरा जास्तच होतंय का" असं विचारलं असेल असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

आता माझी खरी तक्रार. सराफाच्या पेढीवर आपण घडणावळ निमूट देतो. टक्क्यांत देतो, आणि ते मशीनवर निघालेल्या साखळीसाठीसुद्धा! पण त्या दिवशी माझ्या शेजारी एक बाई त्या कारागिराला विचारत होत्या, "पितळच ना? मग एवढे कशाचे?" अहो, घडणावळीचेच! इथे धातू नावापुरता, बाकी सगळी घडणावळ. निम्म्या किमतीत मागून, नाही म्हटल्यावर त्या नाक मुरडून निघून गेल्या. त्याने मासा पुन्हा कापडावर सरळ करून ठेवला. तोच मी घेतला.

असे दागिने घालणं सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. घामाने पितळ मानेवर हिरवट डाग सोडतं; चिंच किंवा पितांबरी हाताशी लागतेच. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, तांबं, जस्त आणि निकेल. त्या निकेलने माझी कानाची पाळी एकदा आठवडाभर चिघळली होती. तेव्हापासून कानातलं घेताना आकडा कशाचा ते आधी विचारते, मग नक्षी बघते. आणि माझं झुमक्याएवढं त्रिकोणी कानातलं मुलुंड ते ठाणे एका बाईंच्या ओढणीत अडकलं होतं. मान वाकडी करून दोघी दारापर्यंत सरकलो, फलाटावर एकत्रच उतरलो. त्यांना खरं तर डोंबिवलीला जायचं होतं. सोडवता सोडवता त्यांनी विचारलं, "कुठून घेतलंत हो?"

मावशीचा काल फोन आला होता. बाकी सगळं बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता: "त्या माणसाकडे कासव असतं का गं?"

ता. क. फोटो पाहून विचारणाऱ्यांसाठी: शेपटी वाकलेली नाही, ओतली तेव्हा तशीच आली.