आयडीच द्या, राजेहो!

राजेहो, तालुक्याच्या बाजार समितीचं भावाचं वेबपान बनवायचं काम हाती आलंच आहे, तर क्लासच्या नादी लागू नका. (क्लास म्हणजे अनेक ओळींना मिळून लावायचं एकच नाव, आयडी म्हणजे एकाच ओळीचं खास नाव; रंगाचे नियम या नावांवर लिहायचे.) कापसाच्या ओळीला एक आयडी, तुरीला दुसरा, सोयाबीनला तिसरा. तिन्ही ओळी हिरव्याच करायच्या आहेत? मग तोच नियम तीनदा लिहा. एका क्लासात भागलं तर सचिवसाहेबांना काम केलेलं दिसणार कसं?

नावं सुचत नसतील तर तिन्ही ओळींना 'भाव' हा एकच आयडी चिकटवा. एका पानात एक आयडी एकदाच, असा नियम आहे. पण ब्राउझर कुठं भांडायला येतो? तिन्ही ओळी गुमान रंगवतो. भाव बदलायला जावास्क्रिप्टनं, म्हणजे पानातल्या प्रोग्रामनं, त्या आयडीला हाक मारली की मात्र पहिलीच ओळ 'ओ' देते. कापसाचा भाव आजचा, तुरीचा परवाचा. तो पाहून कोणी तूर भरून निघाला, तर ज्याचं त्याचं नशीब.

खरी गंमत पुढं आहे. सचिवांचा फोन येईल, "भाऊ, भाव पडला तं ओळ लाल दिसली पाह्यजे नं!" तुम्ही 'घसरण' नावाचा क्लास लावाल, लाल रंग द्याल. ओळ हिरवीच. 1996 साली सीएसएसची (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेची) पहिली आवृत्ती मान्य झाली, तेव्हापासून आयडी क्लासपेक्षा भारी. शाळेतली बेरीज इथं चालत नाही, हातचा घेतच नाहीत. शंभर क्लास जोडले तरी एक आयडी हलत नाही. (मागं काही ब्राउझरांत 256 क्लास जोडले की आयडी हरायचा. दोष होता, तोही दुरुस्त करून टाकला मेल्यांनी.)

घाबरू नका. आयडीच्याच नियमात लाल लिहा, वर 'इम्पॉर्टंट' ठोका, म्हणजे बाकीच्या नियमांवर मात करणारा शिक्का. उद्या भाव चढला तरी ओळ लालच, म्हणजे पुन्हा फोन, पुन्हा चहा.

आयडीची खरी कामं वेगळी: फॉर्ममधलं लेबल त्याच्या रकान्याला जोडणं, लिंकवरून पानातल्या नेमक्या जागी नेणं. तिथं मात्र आयडी देऊ नका. 'तूर'वर बोट ठेवलं की माणूस थेट तुरीवर पोचला, तर बाकीचं पान पाहणार कोण?

अमरावतीहून शिकून आलेला भाचा "मामा, क्लास वापरा नं" म्हणाला, तर त्याला पासवर्ड सांगू नका. हंगामात समितीनं चन्याची ओळ वाढवायला सांगितली की कोटेशन धाडा: नवा आयडी, नवे नियम, जीएसटी वेगळा.